तोंड बंद, मोबाइल उघडा

आपल्याकडच्या सीएंच्या आणि वकिलांच्या तोंडाला कुलूप असते, हे आधी मान्य केले पाहिजे. एखाद्या डॉक्टरची वर्षाची कमाई किती, हे त्याच्या सीएकडून त्याच्या सख्ख्या मेव्हण्यालाही कळत नाही. वाटणीच्या दाव्यात अशिलाने काय कबूल केले, ते वकील घरी जेवतानाही काढत नाही. या शिस्तीला कायद्याचा आधार आहे. कामाच्या ओघात कळलेली माहिती अशिलाच्या संमतीशिवाय बाहेर सांगणे याला १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याची दुसरी अनुसूची व्यावसायिक गैरवर्तन ठरवते. वकिलांवरचे असेच बंधन १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आले असून वकिलाचे कारकून आणि नोकरही त्यात धरले आहेत.

अडचण अशी की ही सारी शिस्त मुख्यतः बोलण्याची आहे, आणि आज माहिती बोलण्यातून फारशी फुटत नाही. ती फॉरवर्ड होते, गॅलरीत उतरते, बॅकअपमध्ये जाते, नोकरी सोडणाऱ्याच्या खिशातून बाहेर पडते आणि जुन्या लॅपटॉपबरोबर विकली जाते. चार खुर्च्या, दोन संगणक आणि एक प्रिंटर एवढ्या भांडवलावर चालणारी आपली हजारो कार्यालये तोंडाने जितकी काटेकोर आहेत, तितकीच यंत्राच्या बाबतीत बेफिकीर आहेत.

जुलै उजाडला की रिटर्नचा हंगाम सुरू होतो. पॅन, आधार, फॉर्म १६, बँकेचे स्टेटमेंट, गृहकर्जाचा दाखला असा सगळा ऐवज व्हॉट्सॲपवरून येतो. तो साहेबांच्या फोनवर येतोच असे नाही. बहुधा आर्टिकलशिप करणाऱ्या एखाद्या मुलाच्या स्वतःच्या फोनवर येतो, कारण ‘त्यालाच पाठवा, तो बघतो’ असे साहेबांनीच सांगितलेले असते. फोटो आपोआप त्याच्या गॅलरीत उतरतात आणि सहलीच्या फोटोंच्या शेजारी जाऊन बसतात. तिथून ते त्याच्या खासगी क्लाउड खात्यावर चढतात. आर्टिकलशिप संपते, मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला लागतो आणि शेकडो कुटुंबांचे पॅन-आधार त्याच्याबरोबर जातात. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याला ऑफिसचा फोन कोणी दिला नाही आणि जाताना ‘हे पुसून टाक’ असेही कोणी सांगितले नाही.

गळतीचे दुसरे ठिकाण म्हणजे पासवर्डची एक्सेल शीट. आयकराच्या पोर्टलवर युजर आयडी म्हणजे पॅनच. उरतो तो पासवर्ड, आणि सगळ्या क्लायंटचे पासवर्ड एका शीटमध्ये लिहिलेले असतात. कित्येकदा सोयीसाठी सर्वांना एकच पासवर्ड ठेवलेला असतो, फक्त शेवटी वर्ष बदलते. ती शीट ऑफिसातल्या प्रत्येक संगणकावर उघडते. खात्याने आपल्या बाजूने पीडीएफला कुलूप लावले आहे, पण तेही कसे? वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडायला लागतो पॅन आणि जन्मतारीख. या दोन्ही गोष्टी पॅनकार्डावर छापलेल्या असतात आणि ते कार्ड त्याच फोल्डरमध्ये असते.

तिसरे ठिकाण टेबलाचा ड्रॉवर. कंपन्यांच्या संचालकांच्या डिजिटल सह्यांची टोकन तिथे रबर लावून ठेवलेली असतात, प्रत्येकावर नावाची आणि पिनची चिठ्ठी चिकटवलेली. कंपनी निबंधकाकडचा फॉर्म असो की जीएसटीचे विवरण, साहेबांनी सांगितले की मुलगा टोकन लावतो आणि संचालकाची सही उमटते. संचालक त्या वेळी शिर्डीला दर्शनाच्या रांगेत असला तरी अडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार सहीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी ज्याची सही आहे त्याने घ्यायची असते. कोऱ्या चेकवर सह्या करून ते पुस्तक दुसऱ्याच्या टेबलात ठेवायला तयार होणारा व्यापारी शोधून सापडणार नाही. टोकन मात्र तोच माणूस वर्षानुवर्षे ठेवून देतो आणि परत मागत नाही.

‘रिटर्नमध्ये असे काय असते? आकडेच ना!’ असे म्हणणाऱ्यांनी स्वतःचे विवरण एकदा नीट वाचावे. जुनी कररचना निवडणाऱ्याच्या विवरणात १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०डीडीबीची वजावट दिसली, तर त्या घरात कर्करोग, निकामी मूत्रपिंड किंवा तशाच एखाद्या गंभीर आजाराचा रुग्ण आहे, हे कळते. ८०यू म्हणजे करदाता स्वतः दिव्यांग, ८०डीडी म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेले कोणीतरी. ८०जीच्या यादीतून तो कोणत्या देवस्थानाला किंवा संस्थेला देणगी देतो ते समजते आणि ८०जीजीसीतून त्याने राजकीय पक्षाला पैसे दिल्याचे. एआयएसमध्ये ठेवींचे व्याज, लाभांश, शेअर्सची आणि फंडांची विक्री, जमीनजुमल्याचे व्यवहार हे सारे ओळीने मांडलेले असते. शिवाय ही माहिती एकट्या क्लायंटची नसते. वर्षाला एक लाखाहून जास्त भाडे दाखवून घरभाड्याची सवलत घ्यायची, तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. त्या घरमालकाने या कार्यालयाची पायरीही चढलेली नसते. छोट्या कारखान्याचे पगारपत्रक करणाऱ्या लेखनिकाकडे तिथल्या सगळ्या कामगारांचे आधार आणि बँक खाती असतात. आपली माहिती नेमकी कुठे आहे, हे त्या कामगारांना ठाऊकही नसते.

हे फक्त सीएंच्या कार्यालयात घडते असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. पुण्या-मुंबईत तो बहुतेक अकरा महिन्यांचा असतो, म्हणजे दरवर्षी नवा. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार अशा चौघांचे आधार क्रमांक, फोटो आणि ठसे अर्ध्या तासात घेऊन जातो. सोय उत्तम, यात वाद नाही. पण या चौघांच्या कागदांचे फोटो त्या लॅपटॉपवर किती दिवस राहतात, हे आजवर किती जणांनी विचारले? ठशाचे महत्त्व तर आणखी वेगळे. तेलंगणात २०१८ मध्ये नोंदणी खात्याच्या दस्तांवरचे ठसे उतरवून, त्यांचे बनावट साचे करून सिमकार्डे चालू केल्याचे उघड झाले होते. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

आता कायद्याचे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. त्यानंतर बरीच फिरवाफिरव होऊन ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. नियमांतल्या मुदतीप्रमाणे माहिती बाळगणाऱ्यांवरची मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्यापासून लागू होतील. कपाटातली कागदी फाइल या कायद्यात येत नाही, पण तिचा फोटो काढला की ती कायद्याच्या कक्षेत आली.

‘हे सगळे बड्या कंपन्यांसाठी, आमच्यासारख्या लहानांना काय त्याचे?’ हा युक्तिवाद आत्ताच ऐकू येऊ लागला आहे. तो अर्धाच खरा आहे. स्टार्टअपसह काही वर्गांना ठरावीक कलमांतून सूट देण्याचा अधिकार केंद्राने कलम १७(३) मध्ये राखला आहे. पण सूट देता येईल अशा कलमांच्या यादीत माहितीच्या सुरक्षेचे कलम नाही, आणि माहिती फुटल्यावर ते कळवण्याचेही नाही. म्हणजे उद्या सूट मिळाली तरी ही दोन कामे सुटत नाहीत. दुसरे असे की माहितीफुटीची व्याख्या मोठी आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर ती फूट आहेच. पण जोशींचे कॉम्प्युटेशन चुकून कुलकर्णींना पाठवले, तर तीही फूटच. ती लहान की मोठी असा भेद कायदा करत नाही. ज्याची माहिती गेली त्याला आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचे, आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. आज अशा वेळी काय होते? ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबले जाते आणि दोन्ही क्लायंटना काही न कळवता प्रकरण मिटते.

सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत आणि फूट लपवली तर २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. हे आकडे दाखवून घाबरवणारी सल्लागार मंडळी बाजारात दिसू लागली आहेत. नव्या कायद्याच्या नावाने जाड फाइली आणि प्रमाणपत्रे विकणारे आणखी येतील. वस्तुस्थिती अशी की ही कमाल मर्यादा आहे. चुकीचे स्वरूप, तिची तीव्रता, ती पुन्हा पुन्हा झाली का, ती निस्तरायला काय केले, हे सगळे पाहून प्रमाणात दंड करायचा, असे कायदाच सांगतो. नाक्यावरच्या करसल्लागाराला कोणी २५० कोटींची नोटीस धाडणार नाही.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे आणि ती क्लायंटच्या बाजूची आहे. दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होणार आहे. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला एक रुपयाही मिळणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ए मध्ये नुकसानभरपाईची तरतूद आहे. नव्या कायद्याने ते कलमच वगळायचे ठरवले आहे. वकिलांच्या बाबतीत ग्राहक आयोगाचेही दार बंद आहे, कारण वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात मोडत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. नागरिकाच्या माहितीसाठी केलेल्या कायद्यात भरपाई सरकारला आणि मनस्ताप नागरिकाला, ही वाटणी चुकीची आहे. संसदेने ती दुरुस्त केली पाहिजे.

याच कायद्यातली एक गोष्ट मात्र चांगली आहे आणि लहान कार्यालयांच्या ती अजून लक्षात आलेली नाही. क्लायंटने एखाद्या कामासाठी स्वतःहून माहिती दिली असेल, तर त्या कामापुरती ती वापरायला वेगळी संमती लागत नाही. रिटर्नसाठी कागद दिले, रिटर्न भरा. पण काम संपले तिथे हा परवाना संपतो. आपल्या गावोगावचे बरेच करसल्लागार विम्याचे किंवा फंडांचेही एजंट असतात. कोणाची मुदत ठेव कधी सुटते, कोणाला फ्लॅट विकून किती पैसे आले, हे त्यांना विवरणातून दिसते. मग बरोबर त्याच आठवड्यात ‘काका, एक चांगली योजना आहे’ असा फोन येतो. काकांना त्यात आपुलकी वाटते. खरे तर एका कामासाठी विश्वासाने दिलेल्या माहितीवर दुसरा धंदा करणे आहे हे. विचारून करायला हरकत नाही, पण न विचारता करणे हा कायदा लागू होण्याआधीही विश्वासघातच होता.

मग लहान कार्यालयाने करायचे काय? महागडी यंत्रणा बसवायची गरज नाही. पहिली गोष्ट, कमी घ्यायचे. ओळखीसाठी आधार हवे असेल, तर शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार प्राधिकरण फुकट देते. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे तेच मागावे. दुसरी गोष्ट, कागद ऑफिसच्या फोनवर किंवा ऑफिसच्या मेलवर घ्यावेत, कोणाच्या खासगी क्रमांकावर नाहीत. एक वेगळा फोन आणि एक सिम, एवढाच हा खर्च आहे. तिसरी गोष्ट, प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे लॉगिन असावे आणि तो नोकरी सोडेल त्या दिवशी ते बंद व्हावे. चौथी, पासवर्डची शीट फाडावी. नोंदणीकृत ई-रिटर्न मध्यस्थाला करदात्याच्या ओटीपी संमतीने त्याच्या वतीने विवरण भरता येते. क्लायंटचा पासवर्ड जवळ बाळगल्याशिवाय काम होतच नाही, ही समजूत सवयीची आहे, नियमाची नाही. पाचवी, टोकन ज्याचे त्याला परत द्यावे, आणि ठेवायचेच असेल तर लेखी पत्र घेऊन, कुलपात आणि पिनच्या चिठ्ठीशिवाय.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे टाकून देणे. आपल्याकडे कागद टाकणे अशुभ मानावे तसे टाळले जाते. ‘कधी नोटीस आली तर?’ ही भीती असते आणि ती निराधारही नाही. पण त्या भीतीलाही कायद्याने मुदत घातली आहे. पूर्वी काही प्रकरणांत दहा वर्षे मागे जाऊन चौकशी उकरता येत असे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर, ५० लाख किंवा त्याहून अधिक उत्पन्न दडल्याचे दिसत असेल तरी, करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सव्वापाच वर्षांपुढे ती सर्वसाधारणपणे उघडता येत नाही. धाडीची किंवा अपिलातली प्रकरणे अर्थात वेगळी. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने क्लायंटच्या वतीने मालमत्तेचे, पैशांचे किंवा कंपन्यांचे ठरावीक व्यवहार करणारे सीए मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले. त्या नोंदी पाच वर्षे ठेवाव्याच लागतात. म्हणजे काय ठेवायचे आणि किती वर्षे, हे मोजून सांगता येते. तरीही कार्यालयातल्या हार्डडिस्कवर पंधरा वर्षांपूर्वीच्या, आता हयातही नसलेल्या क्लायंटच्या पासबुकांचे स्कॅन पडून असतात. ज्याला आठवत नाही की आपल्याकडे काय आहे, त्याला ते चोरीला गेल्याचेही कळणार नाही. दर एप्रिलमध्ये एक दिवस काढून जुने पुसून टाकावे आणि काय पुसले त्याची नोंद ठेवावी.

क्लायंटचीही यात काही जबाबदारी आहे. हॉटेलपासून सिमच्या दुकानापर्यंत मागेल त्याला आधारची झेरॉक्स देत सुटण्याची सवय आपण लावून घेतली आहे. त्यात सरकारनेही गोंधळ घातला. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने ‘आधारची प्रत कोणालाही देऊ नका, मास्क्ड आधार द्या’ असे पत्रक काढले आणि दोनच दिवसांत, त्याचा गैरअर्थ लावला जाईल असे सांगत केंद्राने ते मागे घेतले. सल्ला योग्य होता. मागे घेतला गेला म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

सीएंच्या शहरोशहरीच्या शाखा, बार असोसिएशन आणि करसल्लागारांच्या जिल्हा संघटना दंडाच्या आकड्यांवर परिसंवाद भरवतील. त्याऐवजी त्यांनी एक पानाचा मराठी नमुना करून सदस्यांना द्यावा. आम्ही काय घेतो, कशासाठी घेतो, किती वर्षे ठेवतो आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढेच त्यात हवे. संमतीसाठीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याचा हक्क नव्या कायद्याने दिला आहे. मराठी माणसाने तो इंग्रजी फॉर्मवर निमूट सही करून सोडून देऊ नये.

मे २०२७ पर्यंत थांबण्याचे कारण कोणालाच नाही. यंदा रिटर्नचे, कराराचे किंवा दाव्याचे कागद देताना तीन प्रश्न विचारा. हे कोणाच्या फोनवर जाणार? कोण कोण पाहणार? काम झाल्यावर कधी पुसणार? ज्याला या प्रश्नांचा राग येतो किंवा उत्तर देता येत नाही, त्याची फी कितीही कमी असो, त्याच्याकडे कागद देऊ नका.